बोलण्याजवळची जागा

४ ऑगस्ट

अगं शिंपीणबाई,

फोन केला की मी ओरडते, तू रडतेस आणि कामाचं बोलणं राहतंच. म्हणून आता लिहायचं, असं तूच ठरवलंस ना? घे, लिहिते. माझं अक्षर लागलं नाही तर शेजारणीला दाखवत बसू नकोस, मलाच विचार.

मंगळवारी घुम्याला त्या मशीनमध्ये घालणार होते. आज शनिवार उजाडला, आणि मला एका अक्षराने कळवलेलं नाही. मी इथे कारखान्यात झाकणं खोक्यात भरतेय आणि चित्त तिकडे. काल एका खोक्यात मोठ्या झाकणांच्या जागी बारकी भरली. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, लक्ष कुठंय?" म्हटलं, "माझ्या भावाच्या डोक्यात आहे, जा घेऊन ये."

आणि एक ध्यानात ठेव, ह्या इलाजाला तो तयार झाला तो माझ्यामुळे. ऑपरेशनमध्ये गाठ सगळी निघाली नाही, उरलेलीवर औषध लागू पडेना. तेव्हा ती डॉक्टरीण म्हणाली की नव्या इलाजाचा अभ्यास चालू आहे, त्यात येता का. तुम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसलात. मी फोनवरून ओरडले, हो म्हण! तेव्हा कुठे तो हो म्हणाला. लहानपणापासून त्याचं हेच. त्याला घुम्या नाव मी उगाच नाही ठेवलं. शाळेत कुठल्या बाकावर बसायचं ते मी सांगायचे. कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर चिकटवला मी. तुला बघायला आलो तेव्हा पसंती मी कळवली. त्याचा तुला पस्तावा होत असेल तर तो विषय वेगळा.

मी स्वतःच आले असते, पण सासूबाई अंथरुणावर आहेत आणि जाऊबाई हात लावेल तर शपथ. तेव्हा तू लिही. आवाजाने डोक्यातलं दार कसं उघडतं तेही नीट सांग. मी इथे सगळ्यांना मोठ्या तोंडाने सांगून बसलेय, आणि कुणी उलट विचारलं की माझी पंचाईत होते.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

उशीर झाला, रागावू नका. दुकानातले कपडे आणलेत घरी, ह्यांच्याजवळ बसून उसवते आणि शिवते. वेळच पुरत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं तसं तुम्हाला सांगते. मेंदूतल्या रक्ताच्या बारीक नळ्यांची वीण फार घट्ट असते. भलतंसलतं काही आत जाऊ नये म्हणून देवाने तशी केलीय. पण त्यामुळे औषधही आत जात नाही. रक्तातून येतं, बाहेरूनच फिरून परत जातं. म्हणून आधी हाताच्या शिरेतून अगदी सूक्ष्म बुडबुडे सोडतात. मग डोक्यावर टोपासारखं एक यंत्र असतं, त्यातून सगळीकडून आवाज एकाच जागी पाडतात. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. त्या जागी बुडबुडे थरथरतात आणि वीण सैल होते, फाटत नाही. मग सलाइनमधून औषध देतात, ते आत शिरतं. दिवसभरात वीण आपोआप पुन्हा घट्ट होते. दर महिन्याला असं करायचं.

डोकं पूर्ण तासलं. केस राहिले की त्यात हवा अडकते आणि आवाज नीट पोचत नाही म्हणे. हे अगदी तुमच्यासारखे दिसायला लागलेत, कपाळ तेच. मी हसले तर हेही हसले. डोक्याला चौकट बसवतात, स्क्रूने. आधी बधिर करतात पण दाब कळतोच. डोकं आणि टोप ह्यांच्यामध्ये गार पाणी फिरत असतं. तसंच आतले फोटो काढणाऱ्या त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये सरकवतात, माणूस जागा असतो. हातात एक बटण देतात, नकोसं झालं तर दाबायचं.

पण ताई, त्या दिवशी पुरतं झालं नाही. मध्येच मशीन बिघडलं. पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्यात. काळजी करू नका.

तुमची भावजय


१४ ऑगस्ट

शिंपीणबाई,

वीण समजली. पॅकिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. दोघी रडल्या, एकीने विचारलं की आमच्या ह्यांच्या डोक्यात काही शिरावं म्हणून असं मशीन मिळेल का.

आता तुझं बोल. मशीन बिघडलं? कुठलं मशीन बिघडलं? तू चार पानं विणीवर लिहिलीस आणि बिघडलं ते एका ओळीत उरकलंस. मी तुला ओळखत नाही का! तुझ्या हातून पातेलं करपलं की तू आधी हवेबद्दल बोलायला लागतेस.

खरं काय ते लिही. नाहीतर सासूबाईंना पाठीवर घेऊन येते.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

मशीन बिघडलं नव्हतं. ह्यांनी बटण दाबलं.

गाठीच्या दोन जागी आवाज सोडायचा होता, त्यातली एक जागा झाली होती. दुसरी सुरू करणार, तेवढ्यात दाबलं. सगळे धावले. ह्यांना बाहेर काढलं, चौकट काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुखलं का, घुसमटलं का, उलटीसारखं झालं का. हे नुसते छताकडे बघत राहिले. घरी आल्यावरही सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणतात, "बघू."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बटण त्यासाठीच असतं. पुढच्या वेळी यायचं की नाही ते त्यांनीच सांगायचं. नको म्हणाले तर नको. कारण दिलं नाही तरी चालेल." पण औषधाविना दुसरा मार्गही उरलेला नाही, हेही त्या म्हणाल्या.

तुम्हाला तेव्हाच कळवलं असतं तर तुम्ही पुढची गाडी पकडून आला असता. आणि ह्यांना रागवला असता. म्हणून लिहिलं नाही.

तुमची भावजय


२३ ऑगस्ट

अगं वेडाबाई,

एवढंच ना? मला उगाच घाम फोडलास.

ऐक, मी सांगते काय झालं ते. मला वाचता वाचताच उमगलं. प्रेसवर पहिल्या दिवशी काय शिकवतात? मशीनचा आवाज बदलला की लाल बटण. विचार करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, आधी बटण. त्याने एकदा असंच दाबलं म्हणून शेजारच्या माणसाचा पंजा शाबूत राहिला. आख्खं आयुष्य त्याचा हात तेच करत आलाय. तो हात डोक्याला विचारतच नाही. तू म्हणतेस तो आवाज ऐकू येत नाही, पण ते मशीन तर ठणठण वाजत असणार. आमच्या शेजारणीला गुडघ्यासाठी तसल्याच मशीनमध्ये घातलं होतं, ती सांगत होती. आवाज बदलला, ह्याचा हात गेला! आणि आता लाजेने सांगत नाहीये. एवढे शिकलेले लोक ताटकळले, आणि ह्याने सवयीने बंद पाडलं. तोंड कसं वर करणार?

तू डॉक्टरीणबाईला हे सगळं सांग. आणि पुढच्या वेळी बटण त्याच्या हातात द्यायचंच नाही. तू धर. त्याचा चेहरा बघून तुला कळेल दाबायचं की नाही. तारीख ठरवून टाक, त्याला विचारत बसू नकोस, तो 'बघू' म्हणेल.

मला आज किती दिवसांनी जेवण गेलं.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

मीच लिहितोय. हिने मदत केलेली नाही. वेळ लागतो. शब्द आठवला की अक्षर विसरतं, पण होतं.

तुझं पत्र हिने मला वाचायला दिलं. हाताची गोष्ट छान लिहिलीस. तशी नाहीये.

प्रेसवर आवाज बदलला की हात जातो, हे खरं. तिथे आवाज कितीतरी वेळा बदलला. आधी ठोकल्यासारखा, मग करवतीसारखा. हात पोटावर होता, हलला नाही. मग आवाज थांबला. स्पीकरमधून डॉक्टरीण म्हणाली, एक जागा छान झाली, आता दुसरी, बोलण्याजवळची.

ती आधीच सांगत होती, तिथे सूज आली तर शब्द अडकतील. काही दिवसांनी बहुतेक परत येतील. ती हे सांगत होती तेव्हा फोन चालू होता, आणि तू हो म्हण, हो म्हण करत होतीस. मी हो म्हणालो.

आत पडल्यावर मला ते 'बहुतेक' आठवलं. मी बटण दाबलं. मुद्दाम. दोन्ही हातांनी.

मला मरायचं नाही. पहिली जागा दर महिन्याला करू देत. ती दुसरी सोडायला सांगणार आहे. डॉक्टरीण म्हणाली तिथली गाठ वाढू शकेल, आणि मग शब्द तसेही जातील. म्हटलं, समजलं. जातील तेव्हा जातील. मी आपणहून देणार नाही.

बटण हिच्याकडे द्यायचं नाही.

घुम्या


३ सप्टेंबर

घुम्या,

तुला काही अक्कल?

तू अख्ख्या दिवसात चार शब्द बोलतोस, त्यातला एक 'बरं' आणि एक 'बघू'. ते वाचवायला डोक्यात गाठ ठेवून घेणार? माझ्याकडे कुणी मागितले तर मी माझे सगळे शब्द पोत्यात भरून देईन, घ्या म्हणेन, माणूस तेवढा द्या.

शब्द अडकले तर अडकले. ज्यांना बोलता येत नाही ते जगत नाहीत का? जेवतात, फिरतात, भांडतातसुद्धा. आणि तुझ्या वतीने बोलायला मी आहे ना. आजवर बोलतच आलेय. शाळेत बोलले, कारखान्यात बोलले, लग्नात बोलले. काय बिघडलं तुझं?

आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. मी तुला माझ्या ताटात जेवू घातलंय. तू माझ्या आधी जायचं नाहीस. बास. ते मी ऐकून घेणार नाही.

दोन्ही जागा करून घे. हो म्हणून उलट टपाली कळव.

ताई


२० सप्टेंबर

ताई,

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. दोन-तीनदा काढून वाचताना मी बघितलं. उत्तर लिहिताय का विचारलं तर मान हलवली. म्हणून मी लिहितेय.

मंगळवारी झालं. एकच जागा. ह्यांनी स्वतः डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आत बोलायला खूप वेळ लागला, पण बाईंनी घाई केली नाही. ह्यांनी आणखी एक मागितलं. दर खेपेला आवाज सोडायच्या आधी त्यांनी स्पीकरवरून विचारायचं, "सुरू करू?" ह्यांनी अंगठा वर केला की मगच. तसंच केलं. काचेतून मला दिसत होतं. पाय थंडीने कुडकुडत होते आणि अंगठा मात्र ताठ वर.

नंतर बाईंनी मला फोटो दाखवला. शिरेतून एक रंगाचं औषध सोडतात, वीण सैल झाली असेल तिथे ते झिरपतं आणि फोटोत पांढरं दिसतं. गाठीच्या एका बाजूला पांढरा ठिपका, वाटाण्याएवढा. म्हणाल्या, "इथे औषध पोचतंय." दुसरी बाजू काळीच होती. गाठ किती कमी होईल ते त्यांनी सांगितलं नाही. माहीत नाही म्हणाल्या.

ताई, आता जे लिहिते ते वाचून माझ्यावर ओरडायचं तर ओरडा.

बटण का दाबलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. स्पीकरवरचं मलाही ऐकू आलं होतं. तुमच्यापासून मी दोनदा लपवलं. कारण बटण वाजलं तेव्हा मला आधी बरं वाटलं, आणि मग भीती वाटली. बरं वाटलं हे कुणाला कसं लिहायचं?

हे आता बोलतात. तुम्हाला खरं वाटणार नाही. इतकी वर्षं प्रेसच्या गदारोळातून घरी आले की गप्प बसायचे. आता काम सुटलंय, मी उसवत बसते आणि हे समोर बसून बोलतात. शब्द सापडत नाही तेव्हा थांबतात, सापडला की पुढे जातात. एक दिवस म्हणाले, "तुला बघायला आलो, ताई बोलत होती, मी तुझ्या चपलेकडे बघत होतो. अंगठा तुटला होता. तू तो पायाने लपवत होतीस. मला वाटत होतं, घ्यावी आणि शिवून द्यावी."

मी एवढी वर्षं समजत होते, मी आवडले नव्हते म्हणून हे खाली बघत होते.

आता सांगा, असलं एक वाक्य मला मिळालंय. मी कुठल्या तोंडाने म्हणू की दुसरी जागाही करा? आणि नका करू, हे तरी कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणून मी काहीच म्हटलं नाही. त्यांचं त्यांनी ठरवलं.

तुमची भावजय


१५ ऑक्टोबर

अगं,

घरी पोचले. जाऊबाईने सासूबाईंना दोन दिवस सांभाळलं आणि आता वर्षभर ऐकवेल. ऐकवू दे.

तुला वाटलं असेल मी न कळवता येऊन थडकले ती भांडायला. बरोबर वाटलं. गाडीत बसल्यापासून मनात सगळं जुळवत होते. आधी आईचं काढायचं, मग तुझं, मग रडायचं. बाजूची बाई दोनदा वळून बघत होती, माझे ओठ हलत असणार.

तू शिवलेले कपडे द्यायला दुकानात गेलीस तेव्हाचं सांगते. तुला तिथे सांगता आलं नाही.

तो खिडकीशी बसला होता. डोक्यावर बारीक केस आलेत, मी हात फिरवला तर ब्रशसारखे लागले. चहा ठेवला त्याच्यापुढे. म्हटलं आता सुरू करावं. तेवढ्यात त्यानेच तोंड उघडलं. म्हणाला, "ताई, त्या मशीनमध्ये मला..." आणि थांबला.

शब्द येईना. डोळे मिटले, बोटाने मांडीवर ठोकत राहिला. मला माहीत होता गं तो शब्द. भीती. भीती वाटली, दुसरं काय वाटणार माणसाला तिथे? माझ्या जिभेवर तयार होता. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, रांगेत पुढचा माणूस सुटे पैसे शोधायला लागला तर मी त्याच्या खिशात हात घालेन. मी दातांखाली जीभ धरली. खरंच धरली, अजून दुखतेय. चहावर साय धरली. खालून एक भंगारवाला गेला, त्याची हाक पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. हा अजून शोधतोय. मला वाटलं माझा जीव जाईल.

मग डोळे उघडून म्हणाला, "राग आला."

माझा शब्द नव्हता तो. मी दिला असता तर त्याने घेतला असता, मान हलवली असती, आणि मला जन्मभर वाटलं असतं की तो घाबरला होता.

म्हटलं, "कुणाचा?"

ह्या वेळी शोधावं लागलं नाही. म्हणाला, "तुझा."

आणि बोलत राहिला. तू जिना चढून येईपर्यंत. काय बोलला ते लिहीत नाही. काही मला पटलं, काही नाही. एका गोष्टीवर तर मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, त्याने हात वर केला, पंजा उघडा, प्रेसवर थांबा म्हणायला करतात तसा. थांबले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणी ओरडलं आणि आवाज चढवला नाही.

जे जुळवून आणलं होतं ते तसंच परत घेऊन आले. मला अजूनही वाटतं ती दुसरी जागा करायला हवी. रोज वाटतं, झाकणं भरताना वाटतं. मी ते त्याला एकदाच सांगितलं, जाताना, चपला घालताना. तो म्हणाला, "माहीत आहे." म्हटलं, "बरं."

पुढच्या खेपेच्या मंगळवारी मी यावं का, काचेबाहेर बसायला, ते त्याला विचार. तू परस्पर हो म्हणू नकोस. मला घाई नाही, त्याला शोधू दे. नको म्हणाला तर तेही तसंच लिही, गोड करून लिहू नकोस.

ताई